वाचनालयातला साठवण-संगणक : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या गावात एक लहान सार्वजनिक वाचनालय आहे, आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्याच्या मानद कार्यवाहपदाची जबाबदारी माझ्याकडे आहे. संग्रहात पुस्तकांखेरीज देवस्थानच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या, शिमग्यातील पालखीची व नमन-खेळ्यांची छायाचित्रे, आणि गावातील वृद्ध स्त्रियांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या ध्वनिफिती आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात छपराची कौले उडून एका कपाटात पाणी शिरले, तेव्हा या साऱ्याच्या संगणकीय प्रती करून ठेवण्याचा ठराव कार्यकारिणीने केला. ठराव झाला, कामही सुरू झाले; पण प्रती ठेवायच्या कुठे, हा प्रश्न पुढची काही वर्षे पेनड्राइव्ह, सीडी आणि दोघा-तिघांच्या घरचे लॅपटॉप यांवरच भागवला गेला. शेवटी गेल्या सप्टेंबरात, गणपतीत जमलेल्या वर्गणीतून, चिपळूणच्या एका दुकानातून आम्ही साठवणीसाठी स्वतंत्र संगणक बसवून घेतला. त्याच्या अकरा महिन्यांच्या वापराचा हा अनुभव आहे. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे स्तुतीबरोबर एक मोठी तक्रारही मांडायची आहे.

साडेसव्वीस हजार रुपयांत मिळाले ते असे : एक वापरलेला छोटा संगणक, त्यात २५६ जीबीची एसएसडी (चकती न फिरणारी वेगवान डिस्क), त्यावर विंडोजच्या जागी डेबियन लिनक्स ही कार्यप्रणाली, दोन डिस्क उभ्या बसतील असा यूएसबीचा डॉक आणि त्यात प्रत्येकी २ टीबीच्या दोन डिस्क. एका डिस्कला दुकानातल्या तरुणाने ‘संग्रह’ असे नाव दिले, दुसरीला ‘प्रत’. पहिल्या डिस्कवर आम्ही काम करायचे, आणि रोज रात्री अकरा वाजता संगणकाने तिची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवायची, अशी योजना आहे. वाचनालयातील इतर संगणकांना हा साठा सांबा नावाच्या प्रणालीमार्फत दिसतो. आमच्या ग्रंथपाल ताईंनी नोंदवहीत तिचे नाव भक्तिभावाने ‘सांब’ असे लिहिले आहे. प्रत्यक्षात फाइल-देवघेवीच्या ‘एसएमबी’ या पद्धतीच्या नावात दोन स्वर भरून हा शब्द तयार झालेला आहे. सांब सदाशिवाशी त्याचा संबंध नाही. तरीही मी ती नोंद खोडलेली नाही.

क्षमतेविषयी दोन वाक्ये लिहिली पाहिजेत, कारण कार्यकारिणीच्या पहिल्याच सभेत त्यावरून वाद झाला. २ टीबीच्या डिस्कवर संगणक १.८ च दाखवतो, यात फसवणूक नाही; डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि संगणक बहुधा १०२४ च्या पटीत मोजतो, एवढाच तो फरक आहे. मात्र त्यातूनही आणखी सुमारे १०० जीबी आम्हाला वापरता येत नव्हते, आणि त्याचे कारण वेगळे निघाले. लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) तयार होताना डिस्कचा ५ टक्के भाग मुख्य व्यवस्थापकासाठी, म्हणजे संगणकाचे सर्वाधिकार असलेल्या खात्यासाठी, राखून ठेवते, म्हणजे सामान्य वापरकर्त्याने डिस्क काठोकाठ भरली तरी यंत्रणेचा श्वास अडत नाही. ज्या डिस्कवर खुद्द लिनक्स बसलेले असते तिथे ही राखीव जागा शहाणपणाची असली, तरी नुसत्या साठवणीच्या डिस्कवर ती कमी करून घ्यायला हवी होती. दुकानदारांनी ती केली नाही. आम्ही विचारल्यावर फोनवरून एका आज्ञेत करून दिली.

खरा विषय मात्र क्षमतेचा नाही, आणि वेगाचाही नाही. डिस्क संगणकाला जोडली म्हणजे तिच्यातील फाइली आपसूक दिसतात असे आपण धरून चालतो, आणि हा संगणक घेईपर्यंत मीही तसेच धरून चाललो होतो. वस्तुतः तारेने जोडली जाणे आणि वापरासाठी उघडली जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत. तार जोडल्यावर संगणकाला कळते ते इतकेच, की अमुक इतक्या खणांचे एक साधन आले आहे; खण क्रमांक इतका वाच, इतका लिही, यापलीकडे त्या साधनाला भाषा नसते. फाइल, फोल्डर, नाव, तारीख, मालकी या कल्पना त्या खणांवर फाइल सिस्टीम उभी करते, आणि ती फाइल सिस्टीम ओळखून, तपासून, आपल्या फोल्डरांच्या पसाऱ्यात एका ठरावीक जागी तिला बसवणे या कृतीला माउंट करणे असे म्हणतात. जिथे बसवायचे ती जागा म्हणजे माउंट पॉइंट. साठवणीसाठी घेतलेल्या कोणत्याही यंत्राची परीक्षा, माझ्या मते, याच ठिकाणी होते : ते डिस्क कशी जोडते, जोडलेली आहे की नाही हे माणसाला कसे कळवते, आणि सोडताना काय काळजी घेते.

विंडोजची सवय असलेल्या आमच्या स्वयंसेवकांनी पहिल्याच दिवशी विचारले, की यात डी ड्राइव्ह कुठे आहे. विंडोज प्रत्येक विभागाला एक अक्षर देते. ए आणि बी ही अक्षरे एके काळी फ्लॉपीसाठी राखलेली असल्याने हार्ड डिस्कची सुरुवात आजही सी पासून होते. म्हणजे प्रत्येक डिस्क हे वेगळे गाव, वेगळ्या वेशीचे. लिनक्समध्ये गाव एकच असते. नवी डिस्क आली की ती त्याच गावाची एक वाडी होते आणि तिच्याकडे जाणारी पाखाडी, म्हणजे पायवाट, आधीच ठरवलेल्या जागेपासून निघते. आमच्या संगणकावर त्या दोन पाखाड्या ‘/संग्रह’ आणि ‘/प्रत’ अशा देवनागरी नावांच्या आहेत, ही दुकानातल्या तरुणाची सूचना होती, आणि ती मला फार आवडली. वापरणाऱ्याला आपण कोणत्या डिस्कवर आहोत याचा विचार करावा लागत नाही. पुढे जे संकट आले तेही याच सोयीच्या पोटातून आले, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

ही पद्धत जुनी आहे. टेपची रिळे आणि डिस्कच्या जड चकत्या माणसाने उचलून यंत्रावर चढवाव्या लागत, त्या काळातला ‘माउंट’ हा शब्द आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची, म्हणजे लिनक्सने जिचा साचा उचलला त्या जुन्या कार्यप्रणालीची, माहिती देणारा जो प्रसिद्ध लेख जुलै १९७४ मध्ये छापला, त्यात काढता-घालता येणाऱ्या डिस्कवरील फाइल सिस्टीम मुख्य झाडाच्या एका पानाच्या जागी अख्ख्या फांदीसारखी कशी बसवायची, याचे वर्णन आहे. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यावर सन मायक्रोसिस्टिम्सच्या अभियंत्यांनी फाइल सिस्टीमच्या डोक्यावर आणखी एक समाईक थर दिला, ज्यामुळे डिस्क कोणत्या पद्धतीने आखलेली आहे, ती जवळ आहे की जाळ्यापलीकडे (नेटवर्कपलीकडे) आहे, याची पंचाईत वापरणाऱ्या कार्यक्रमाला (प्रोग्रॅमला) उरली नाही. आमच्या ताई पेनड्राइव्हवरची फाइल आणि ‘संग्रह’मधली फाइल एकाच तऱ्हेने उघडतात, ती या थराची कृपा आहे.

आता दुकानाच्या कामातील चांगल्या गोष्टी. डिस्क संगणकाला सापडतील त्या क्रमाने लिनक्स त्यांना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावे देते, आणि हा क्रम दर वेळी तोच राहील याची खात्री नसते. एखादी डिस्क फिरू लागायला क्षणभर उशीर झाला की काल एसडीबी असलेली आज एसडीसी होते. माउंट करण्याच्या सूचना या नावांवर बेतल्या, तर एखाद्या सकाळी ‘प्रत’च्या जागी ‘संग्रह’ आणि ‘संग्रह’च्या जागी ‘प्रत’ बसण्याचा धोका असतो. ज्या फाइलीत या सूचना कायमच्या लिहून ठेवतात, त्या एफएसटॅबमध्ये दुकानातल्या तरुणाने प्रत्येक डिस्कचा यूयूआयडी लिहिला होता. फाइल सिस्टीम तयार होतानाच तिच्यात कोरला जाणारा हा बत्तीस अंकाक्षरांचा ओळख-क्रमांक डिस्क कोणत्याही खाचेत घातली तरी बदलत नाही. मी मुद्दाम दोन्ही डिस्कची अदलाबदल करून संगणक सुरू केला. दोन्ही आपापल्या जागी बरोबर बसल्या. चांगल्या सुताराचे काम जसे दार लावताना कळते, तसे हे काम तेव्हा कळले.

दुसरी गोष्ट बाहेरून येणाऱ्या पेनड्राइव्हची. आमच्या वाचनालयात गावातल्या कोणाचाही पेनड्राइव्ह येतो, आणि त्यातल्या निम्म्यांत नको ते पाहुणे असतात. दुकानाने अशी तजवीज केली आहे, की बाहेरचा पेनड्राइव्ह लावला की तो आपोआप माउंट होतो, पण फक्त वाचण्यासाठी. त्यावर काही लिहायचे असेल, तर ताईंना परवलीचा शब्द देऊन ती परवानगी वेगळी काढावी लागते. याने थोडा वेळ जातो आणि एक-दोन सभासद रुसलेही, पण एखाद्याच्या मुलाच्या बारशाची छायाचित्रे आमच्या हातून चुकून पुसली जाण्याची भीती संपली.

गणपतीत चाकरमानी येऊ लागले आणि डिस्कचे नाना प्रकार पाहायला मिळाले. मुंबईहून आलेल्या एका सभासदांनी आपल्या वडिलांनी काढलेली बंदराची जुनी छायाचित्रे विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर आणली होती. डिस्क उघडली, पण आमच्या संगणकाने तिच्यावर लिहायला साफ नकार दिला. चौकशीअंती कळले, की डिस्क जोडलेली असतानाच त्यांनी लॅपटॉप बंद केला होता, आणि विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे ‘बंद’ केलेला संगणक खऱ्या अर्थाने बंद होत नाही; डिस्कवरचा हिशेब अर्धवट मांडलेला राहतो. अशा डिस्कवर दुसऱ्याने लिहिले, तर मूळ संगणक परतल्यावर जुन्याच हिशेबाने पुढे लिहील आणि घोळ होईल, म्हणून लिनक्स हात आखडता घेते. आम्हाला नुसती नक्कल हवी होती, ती मिळाली. दुसऱ्या एका पाहुण्यांची डिस्क ॲपलच्या एपीएफएस पद्धतीची निघाली. तिची ओळख लिनक्सच्या गाभ्यात नाही, त्यामुळे ती उघडली नाही. त्यांनी त्यांच्याच लॅपटॉपवरून जाळ्यामार्फत फाइली पाठवल्या. उलटही एकदा घडले. एका स्वयंसेवकाने उत्साहाने ‘प्रत’ डिस्क डॉकमधून काढून स्वतःच्या विंडोज लॅपटॉपला लावली. विंडोजला ईएक्सटी४ वाचता येत नाही. पण ‘मला हे वाचता येत नाही’ असे न म्हणता, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का, असे विंडोज विचारते. सुदैवाने त्या मुलाने होय म्हणण्यापूर्वी मला हाक मारली. माझ्या माहितीत याहून घातक नम्र प्रश्न दुसरा नाही.

मोबाइलचा प्रकार निराळाच आहे, आणि त्याचे कारण समजल्यावर माझी चिडचिड कमी झाली. पूर्वीचे अँड्रॉइड फोन आपले मेमरी कार्ड खण म्हणून सरळ संगणकाच्या ताब्यात देत, आणि तेवढा वेळ फोनला स्वतःला ते कार्ड वापरता येत नसे, कारण एकाच फाइल सिस्टीमवर दोघांनी एकाच वेळी खणपातळीवर लिहिले तर तिची वाट लागते. आजचे फोन एमटीपी नावाच्या पद्धतीने बोलतात. तिच्यात संगणक खण मागत नाही, फाइल मागतो, आणि डिस्कचा ताबा फोनकडेच राहतो. म्हणून फोनचे कुलूप उघडून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडल्याशिवाय फोल्डर रिकामे दिसते. आमच्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाला हे सांगावे लागते.

फाइलींच्या नावांनी दिलेला त्रास मराठी वाचकांनी जरूर ध्यानात घ्यावा, कारण त्याची कल्पना दुकानालाही नव्हती. आमचे स्वयंसेवक छायाचित्रांना ऐसपैस नावे देतात : कोणती वाडी, कोणते साल, पालखी कोणाच्या दारात, नाचवणारे कोण. विंडोजवर ही नावे बिनतक्रार चालत. ‘संग्रह’मध्ये उतरवताना काही फाइली, नाव फार लांब आहे असे कारण देऊन, मागे राहत. एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ चिन्हांची आहे आणि ईएक्सटी४ मध्ये ती २५५ बाइटची आहे. इंग्रजीत एक अक्षर एक बाइट घेते, त्यामुळे फरक जाणवत नाही. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘शिमगोत्सव’ या शब्दात डोळ्यांना पाच अक्षरे दिसतात. संगणक नऊ चिन्हे मोजतो आणि सत्तावीस बाइट खर्ची टाकतो. म्हणजे उणीपुरी ८५ चिन्हे हाती उरतात. आता आम्ही फाइलीला नोंद-क्रमांक देतो आणि पालखी कोणाच्या दारात होती, ते वेगळ्या सूचीत लिहितो.

आता तक्रार.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने पहिला जोर धरला आणि नेहमीप्रमाणे वीज गेली. संगणक आणि राउटर इन्व्हर्टरवर होते. डॉकचा अडॅप्टर मात्र बसवतानाच भिंतीतल्या साध्या प्लगमध्ये लावलेला होता. संगणक चालू राहिला आणि त्याच्या दोन्ही डिस्क त्याच्या हातातून एकाएकी सुटल्या. जे उघडावे त्यावर वाचनदोषाचा संदेश येऊ लागला. ताईंनी दुकानात फोन केला. तिकडून संगणक बंद करून पुन्हा चालू करायला सांगितले गेले, आणि त्यांनी तसे केले.

येथे एका छोट्या शब्दाचे महत्त्व आहे. एफएसटॅबमध्ये लिहिलेली डिस्क सुरू होताना सापडली नाही, तर आजचे लिनक्स साधारण दीड मिनिट तिची वाट पाहते आणि मग काळ्या पडद्यावर दुरुस्तीच्या अवस्थेत थांबते. सामान्य माणूस तिथे हतबल होतो. हे टाळण्यासाठी ‘नोफेल’ असा पर्याय लिहितात : डिस्क नसली तरी अडून बसू नकोस, पुढे चल. दुकानाने तो लिहिला होता आणि सद्‌हेतूनेच लिहिला होता. त्यामुळे संगणक विनातक्रार सुरू झाला, जाळ्यावर ‘संग्रह’ दिसू लागला, आणि सगळे सुरळीत झाले असे सर्वांना वाटले. वस्तुतः दिसत होते ते डिस्क बसवण्यासाठी एसएसडीवर करून ठेवलेले नुसते रिकामे फोल्डर. वाडी नव्हतीच, पाखाडी तेवढी होती. वीज रात्रीतून परत आली. परंतु या डॉकला बटण आहे आणि वीज परतल्यावर तो आपण होऊन चालू होत नाही, आणि दमटपणापासून जपण्यासाठी आम्ही तो बल्ब लावलेल्या बंद कपाटात ठेवलेला आहे, त्यामुळे त्याचा विझलेला दिवा कोणाला दिसला नाही.

पुढचे तीन दिवस दोन महाविद्यालयीन मुले देवस्थानच्या वह्या स्कॅन करत होती. स्कॅनरच्या कार्यक्रमात साठवणीची जागा आधीच नेमलेली होती. नेमलेले फोल्डर नसेल तर तो ते स्वतःच तयार करतो. त्यामुळे ‘संग्रह’ उघडून पाहण्याचे कोणाला कारणच पडले नाही. ४१२ पाने झाली. चौथ्या दिवशी कोणीतरी कपाट उघडले, डॉक बंद दिसला, बटण दाबले आणि शहाणपणाने संगणकही पुन्हा सुरू केला. ‘संग्रह’ डिस्क आपल्या जागी बसली, तिच्यातील सारी जुनी सामग्री दिसू लागली, आणि ती ४१२ पाने नाहीशी झाली. मुलांचे चेहरे उतरले. त्यातल्या एका वहीची पाने इतकी जीर्ण होती, की ती दुसऱ्यांदा काचेवर उलटी ठेवायचे धाडस मला होत नव्हते.

दुकानातला तरुण यायला आणखी चार दिवस लागले. आला तो एसटीने, भिजत, आणि खुर्चीत बसण्याआधीच म्हणाला, “गुरुजी, पानं गेलेली नाहीत. ती खाली आहेत.”

“खाली म्हणजे कुठे?”

“संग्रहाच्या खाली.”

मग त्याने समजावून सांगितले, की ज्या फोल्डरवर डिस्क माउंट होते त्या फोल्डरात आधीपासून काही असेल तर ते पुसले जात नाही, नुसते झाकले जाते. डिस्क उतरवली की पुन्हा दिसते. त्याने ‘संग्रह’ उतरवण्याची आज्ञा दिली, तर डिस्क वापरात असल्याचे उत्तर आले, कारण सांबा आणि एका लॅपटॉपवरची उघडी खिडकी तिला धरून बसली होती. ती दोन्ही सोडवल्यावर डिस्क उतरली, आणि पडद्यावर ते एसएसडीवरचे फोल्डर आपल्या ४१२ पानांसह उघडे पडले. मागे उभ्या असलेल्या ताई म्हणाल्या, “म्हणजे कालवांच्या खडकासारखंच झालं की! भरती आली की खडक दिसत नाही, म्हणून कालवं काय वाहून जातात?” माउंट पॉइंटचे याहून नेमके वर्णन मी कोणत्याही पुस्तिकेत वाचलेले नाही, आणि त्या तरुणानेही ते आपल्या वहीत लिहून घेतले. त्याने पाने आधी दुसऱ्या फोल्डरात हलवली, मग डिस्क पुन्हा बसवली आणि शेवटी ती तिच्यात उतरवली.

पाने मिळाली म्हणून मी हे प्रकरण सोडून देऊ शकत नाही, कारण त्या तीन रात्रींत याहून वाईट घडू शकले असते. रात्रीची नक्कल करणारी आज्ञा आरसिंक या साधनाची आहे, आणि तिला असे सांगितलेले होते की ‘संग्रह’मध्ये जे नाही ते ‘प्रत’मधूनही काढून टाक, म्हणजे दोन्ही डिस्क तंतोतंत जुळतील. आता कल्पना करा, की डॉकऐवजी दोन डिस्कपैकी एकटी ‘संग्रह’ बंद पडली असती आणि ‘प्रत’ चालू राहिली असती. अकरा वाजता त्या आज्ञेने रिकाम्या फोल्डराकडे पाहिले असते, मूळ संग्रहात आता काहीच नाही असा निष्कर्ष काढला असता, आणि पाच वर्षांच्या कामाची एकमेव चांगली प्रत आज्ञाधारकपणे पुसून टाकली असती. आम्ही वाचलो ते दोन्ही डिस्क एकाच वेळी मेल्या म्हणून. असल्या योगायोगावर विसंबणाऱ्या व्यवस्थेला मी बॅकअप म्हणणार नाही.

दुरुस्ती त्या तरुणाने दीड तासात केली आणि तिचे पैसे घेतले नाहीत. डॉकचा अडॅप्टर इन्व्हर्टरवर गेला. डिस्क बसवायची दोन्ही रिकामी फोल्डरे अशा रीतीने कुलूपबंद केली, की डिस्क बसलेली नसताना त्यांत खुद्द मुख्य व्यवस्थापकालाही काही ठेवता येत नाही. बसलेल्या डिस्कवर या कुलपाचा परिणाम होत नाही, कारण कुलूप खालच्या फोल्डराला आहे. रात्रीची नक्कल आता आधी दोन्ही डिस्क खरोखर माउंट झालेल्या आहेत का हे तपासते, आणि एका रात्रीत ठरावीक संख्येपेक्षा जास्त फाइली पुसायची वेळ आली तर तिथेच थांबते. मी दुसऱ्या दिवशी डॉक मुद्दाम बंद ठेवून स्कॅनर चालवला. त्याने जागा मिळत नसल्याचा संदेश देऊन काम नाकारले. असा नकार जूनमध्ये मिळाला असता, तर आमचे ते आठ दिवस वाचले असते.

माझा राग नेमका याच्यावर आहे. हे सारे उपाय त्या तरुणाला पहिल्या दिवशीच ठाऊक होते. त्यांना जादा सामान लागत नाही, दहा ओळी जादा लिहाव्या लागतात. ज्या माणसाने यूयूआयडीची काळजी घेतली, त्याने डिस्क हजर नसताना काय होईल हा विचार अर्ध्यावर सोडला. आणि दोन्ही डिस्क एकाच कपाटात, एकाच डॉकमध्ये असाव्यात ही योजना ज्या दुकानाने दिली, ते दुकान २२ जुलै २०२१ च्या महापुरात तळमजल्यावरचे सगळे सामान गमावल्यानंतर पहिल्या मजल्यावर हलवलेले आहे. कपाटात पाणी शिरणे म्हणजे काय, हे त्यांना आम्ही शिकवायला नको होते. आता तिसरी एक डिस्क आम्हीच घेतली असून ती महिन्यातून एकदा भरून वरच्या वाडीतल्या एका सभासदाच्या घरी नेऊन ठेवतो.

डिस्क सोडवण्याविषयी राहिले. नक्कल संपल्याची पट्टी पूर्ण झाली म्हणजे फाइल पेनड्राइव्हवर पोहोचली असे नाही. लिनक्स लिहायचा मजकूर आधी मेमरीत गोळा करते आणि सवडीने, साधारण अर्ध्या मिनिटाने, खाली उतरवू लागते. यामुळे काम वेगवान वाटते, पण त्या अवधीत पेनड्राइव्ह उपटला तर फाइलीचे नाव राहते आणि आत काहीच नसते. अनमाउंटची आज्ञा ही सगळी उधारी चुकती करून घेते. दुकानाने पडद्यावर त्यासाठी एक मोठे बटण ठेवले आहे आणि काम पूर्ण झाल्यावर तिथे ‘आता काढा’ अशी अक्षरे उमटतात. हे बटण वापरायला सत्तर वर्षांचे सभासदही शिकले. वापरत नाहीत ती कॉलेजची मुले.

सेवेबद्दल सांगायचे तर फोन उचलतात, खरे बोलतात, चूक झाली तर ती आपली म्हणतात. मात्र पावसाळ्यात माणूस यायला चार दिवस धरावेत. सोबत दिलेली माहितीपत्रिका इंग्रजीत होती आणि तिच्यात जूनसारख्या प्रसंगी काय करावे याचा शब्दही नव्हता. मी आग्रह धरल्यावर त्यांनी मराठीत एक पान लिहून पाठवले, ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे. पहिली ओळ अशी आहे : ‘संग्रह रिकामा दिसला, तर त्यात काहीही ठेवू नका, आधी डॉकचा दिवा पाहा.’ त्याच्या खाली ताईंनी निळ्या शाईने जोडले आहे : ‘आणि कपाटातला बल्बही.’